आतड्यातल्या पिशव्या आणि जन्मभराची पेज

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिन्यात कोकणात पोटाच्या डॉक्टरांकडे एक प्रश्न हमखास येतो : ‘फणस चालेल ना?’ विचारणाऱ्याच्या पिशवीत जुना सीटी स्कॅन असतो, त्यावर ‘डायव्हर्टिक्युलायटिस’ लिहिलेले असते आणि दोन-तीन वर्षे तो माणूस पेज, मऊ भात आणि बिया काढलेला टोमॅटो यांवर काढत असतो. डाव्या कुशीत जरा दुखले की अँटिबायोटिकचा पाच दिवसांचा कोर्स ठरलेला. एवढे पथ्य पाळूनही दुखणे उलटतेच. आमच्या मते यातला बराच उपचार उफराटा चालला आहे. चार दिवसांची पेज जन्माला चिकटली आहे, आणि ज्या गोळ्यांनी खरा अपाय होतो त्या दुकानात सुट्या मिळतात.

मोठ्या आतड्याच्या भिंतीत रक्तवाहिन्या जिथून आत शिरतात तिथे स्नायूचा थर मुळातच नाजूक असतो. सायकलचा टायर एखाद्या जागी विरला की आतली ट्यूब तिथून फुगून डोकावते, तसे वयपरत्वे आतड्याचे अस्तर या जागांतून बाहेर येते आणि साधारण ५ ते १० मिलिमीटरच्या पिशव्या तयार होतात. युरोप-अमेरिकेत त्या बहुतेक डाव्या बाजूला, सिग्मॉइड नावाच्या वळणात असतात. पूर्व आशियात उजव्या बाजूला अधिक. आपल्याकडे दोन्ही बाजूंना सापडतात, म्हणून उजवीकडचे दुखणे कधी कधी अपेंडिक्स समजून टेबलावर घेतले जाते. नुसत्या पिशव्या असणे हा आजार नव्हे. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत त्या दिसल्या तर काहीही करायचे नसते. अलीकडच्या अभ्यासांनुसार अशा शंभर जणांपैकी पाचांनाही पुढे सूज येत नाही. सूज येते तेव्हा तो डायव्हर्टिक्युलायटिस. एकदा येऊन गेल्यावर दहा वर्षांत साधारण पाचातल्या एकाला तो पुन्हा होतो, आणि दुसऱ्यांदा झाल्यावर तिसऱ्याची शक्यता आणखी वाढते. मात्र आतडे फुटण्याचा धोका पहिल्याच वेळी सर्वांत जास्त असतो. पुढच्या प्रत्येक वेळी तो चढत जातो ही समजूत चुकीची. जुळ्यांच्या अभ्यासांवरून या आजाराचा जवळजवळ निम्मा वाटा आनुवंशिक असल्याचे दिसते, तेव्हा ‘काहीतरी खाल्लेत म्हणून झाले’ असे घरच्यांनी ऐकवत बसू नये.

खऱ्या सुजेचे दुखणे एका जागी ठाण मांडून बसते. बहुधा डावीकडे खाली, बोट ठेवून दाखवता येईल असे, खोकताना किंवा रिक्षा खड्ड्यातून गेल्यावर कळ मारणारे. ते तासाभरात जात नाही, दिवसरात्र राहते. सोबत कणकण किंवा ताप, भूक मेलेली, पोट डब्ब, शौचाला कधी अडलेले तर कधी पातळ. पेटका येतो, शौचाला जाऊन आले की मोकळे वाटते, उद्या दुसऱ्याच जागी दुखते, असे असेल तर ते बहुतेक वेळा आतड्याची चाल बिघडल्याचे किंवा वायूचे दुखणे. हा फरक ओळखता येणे फार महत्त्वाचे, कारण सूज पूर्ण उतरल्यावरही वर्षभराने जवळजवळ ४५ टक्के रुग्णांना अधूनमधून दुखत राहते. आतड्याच्या नसा हुळहुळ्या झालेल्या असतात. सूज नसते, जंतू नसतात, आणि तरी अँटिबायोटिक दिले जाते. त्याने जुलाब लागतात, जुलाबाने पोट आणखी दुखते, आणि ‘पुन्हा आला’ म्हणून दुसरा कोर्स सुरू होतो.

म्हणून दुखणे एका जागी बसले आणि ताप आला तर आधी दोन साध्या रक्ततपासण्या करून घ्याव्यात : पांढऱ्या पेशी आणि सीआरपी (सूज आली की रक्तात वाढणारे प्रथिन). सीआरपी पहिल्या काही तासांत कमी येऊ शकते, तेव्हा सकाळी दुखू लागले आणि दुपारी तपासले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे. ती १४०-१५० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर असेल तर गळू किंवा छिद्राची शंका घ्यावी लागते. इथे एक खाच आहे. काही प्रयोगशाळा हाच आकडा प्रति डेसिलिटरमध्ये छापतात. तिथे ‘१५’ दिसले तर ते प्रति लिटर १५० असते, आणि ‘पंधराच आहे, किरकोळ’ म्हणून माणूस घरी पाठवला जातो. आकड्यापुढचे एकक वाचावे. पहिल्यांदाच दुखत असेल, किंवा या वेळचे दुखणे नेहमीपेक्षा निराळे असेल, तर कॉन्ट्रास्ट (चित्र ठळक करणारे द्रव) देऊन सीटी स्कॅन हवाच. त्याआधी मूत्रपिंड नीट चालते ना, हे कळण्यासाठी रक्तातले क्रिएटिनिन पाहतात. दर वेळी सीटी करण्याची गरज नसते. पोट सडपातळ आणि हात सरावलेला असेल तर सोनोग्राफीतही सुजलेली पिशवी छान दिसते. किनाऱ्यावर राहणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट रेडिओलॉजिस्टच्या कानावर घालावी : जेवणात मासे असतात. गिळला गेलेला काटा आतड्यात रुतून हुबेहूब असेच दुखणे उभे करतो, आणि सीटीवर तो बारीक पांढरी रेघ होऊन दिसतो. शोधणाऱ्याला ठाऊक असेल तरच दिसतो.

अँटिबायोटिकबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे. स्वीडनमध्ये २०१२ साली ६२३ आणि नेदरलँड्समध्ये २०१७ साली ५२८ रुग्णांवरचे अभ्यास प्रसिद्ध झाले. सीटीवर सूज सिद्ध झालेली, पण गळू नाही, छिद्र नाही, अशा रुग्णांत अर्ध्यांना अँटिबायोटिक दिले, अर्ध्यांना दिले नाही. बरे होण्याचा वेग आणि पुढची गुंतागुंत यांत लक्षणीय फरक पडला नाही. तेव्हापासून साध्या सुजेत, अन्यथा धडधाकट माणसाला, अँटिबायोटिक न देता लक्ष ठेवणे हा मान्य मार्ग आहे. तो घरचा निर्णय नव्हे, तपासणाऱ्या डॉक्टरांचा. गरोदरपण, केमोथेरपी, रोज चालणारे स्टेरॉइड, प्रत्यारोपण झालेले मूत्रपिंड, उतारवयातला अशक्तपणा, उलट्या, खूप चढलेली सीआरपी, पाच दिवसांपेक्षा जुने दुखणे, यांपैकी काही असेल तर औषध लागतेच. दिले तर साधारण ४ ते ७ दिवस पुरतात. प्रतिकारशक्ती दबलेली असेल तर १० ते १४. मेट्रोनिडाझोल चालू असेल तर संपल्यावरही तीन दिवस दारू वर्ज्य. काजूची दारू निघते त्या हंगामात हे सिंधुदुर्गात मुद्दाम सांगावे लागते. सिप्रोफ्लॉक्सासिन दुधासोबत घेतले तर अंगी लागत नाही, आणि मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांबरोबर ते साखर एकदम खाली आणू शकते.

आता पेजेकडे वळू, कारण ती आपल्याकडची जुनी आणि चांगली सोय आहे. सूज आलेल्या पहिल्या एक-दोन दिवसांत आतड्याला काम कमी द्यायचे. वाटीभर उकडा तांदूळ खलात जाडसर मोडून आठ वाट्या पाण्यात शीत फुटेपर्यंत शिजवावा, चिमूटभर मीठ घालावे आणि पहिल्या दिवशी फक्त वरची निवळ प्यावी. दर दोन तासांनी कपभर. सोबत शहाळ्याचे पाणी, ओआरएस, गाळलेले कोकम सरबत, बिनदुधाचा चहा. सोलकढीत नारळाचे दूध असते, ती या दोन दिवसांत नको. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, तसेच रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांनी, शहाळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत. त्यातले पोटॅशियम साठून हृदयाची लय बिघडू शकते. मधुमेह्यांनी तर निवळीवर राहण्याआधी गोळ्यांबद्दल फोन करावाच. जेवण थांबले आणि ग्लिमेपिराइड किंवा इन्शुलिनचा डोस तोच राहिला तर साखर कोसळते. डॅपाग्लिफ्लोझिनच्या जातीची गोळी उपाशीपोटी चालू राहिली तर साखर नॉर्मल दिसत असताना रक्त आम्ल होऊ शकते, हे त्याहून फसवे.

दुखणे ओसरू लागले की तिसऱ्या दिवसापासून पेज शितांसकट, मग मुगाच्या धुतलेल्या डाळीची सैलसर आटवल, दहीभात, सोललेला उकडलेला बटाटा, काटे काढलेल्या मुडदुशाचे तिखट न घातलेले सार. ३ ते ५ दिवसांत निवळीवरून आटवलीपर्यंत येता आले नाही, तर ‘अजून दोन दिवस पेज घे’ हा सल्ला चुकीचा. पुन्हा तपासणी करायची. आणि आले, तर पेज तिथेच संपली. मऊ जेवण आणखी चार-सहा दिवस, बस.

दुखण्यावर पॅरासिटामॉल घ्यावे : ५०० मिलिग्रॅमची एक किंवा दोन, सहा तासांच्या अंतराने, दिवसाला सहा गोळ्यांच्या आत. यकृताचा आजार किंवा रोजची दारू असेल तर याहून कमी, विचारून. डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांतली एकही नको. या गोळ्या आतड्याच्या अस्तराचे संरक्षण कमी करतात. सूज येण्याचा आणि पिशवी फुटण्याचा, दोन्ही धोके त्यांनी वाढतात. आमच्या पाहण्यात सर्वांत दुर्लक्षित राहिलेला मुद्दा हाच. लावणीचे दिवस, वाकून धरलेली कंबर, गुडघे, आणि दुकानातून घेतलेली ‘अंगदुखीची गोळी’. पुष्कळ जोडगोळ्यांत पॅरासिटामॉलच्या बरोबरीने असिक्लोफिनॅक असते आणि घेणाऱ्याला ते माहीत नसते. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरे वाचावीत, दिसत नसतील तर नातवाकडून वाचून घ्यावीत. गुडघ्याला डायक्लोफिनॅकचे मलम लावायला सहसा हरकत नसते, त्यातून रक्तात उतरणारे प्रमाण गोळीच्या मानाने फार थोडे. हृदयासाठी दिलेली कमी मात्रेची ॲस्पिरिन मात्र स्वतःहून बंद करू नये. ट्रॅमाडॉलसारखी औषधे आतड्याची हालचाल मंदावतात, तीही टाळलेली बरी. एरंडेल घेऊन ‘पोट साफ’ करणे आणि ‘बेंबी सरकली’ म्हणून पोट चोळून घेणे हे दोन्ही घातक आहेत. सुजलेल्या पिशवीवर बाहेरून किंवा आतून दाब देण्याचाच तो प्रकार.

पुढची लक्षणे दिसली तर घरी थांबू नये : दुखणे एका जागेवरून सगळ्या पोटभर पसरणे, पोट लाकडासारखे ताठ होणे, १०१ अंशांवर ताप आणि थंडी, घोटभर पाणीही न टिकणे, वायू सरणे बंद होणे, अंधारी येणे. लघवीतून हवेचे बुडबुडे किंवा गढूळ घाण येऊ लागली तर आतडे आणि मूत्राशय यांत वाट पडली आहे असे समजावे. हे रुग्ण ‘युरिन इन्फेक्शन’ म्हणून महिनोन्महिने औषधे खात असतात. भरपूर लाल रक्त पडले तर तेही पिशवीतून असू शकते, पण तो निराळा प्रकार. त्यात बहुधा दुखत नाही आणि तडक इस्पितळच गाठायचे. स्टेरॉइड घेणाऱ्यांत आतडे फुटूनही ताप आणि दुखणे सौम्य राहते, त्यांच्या ‘बरं आहे’वर विसंबू नये. आणि कोकणचा हिशेब निराळा आहे. सड्यावरच्या वाडीतून सीटी मशीनपर्यंत दीड-दोन तास लागू शकतात, शस्त्रक्रियेसाठी कोल्हापूर गाठायचे तर घाट आडवा येतो, गोव्यातले बांबोळीचे इस्पितळ गाठायचे तर पल्ला लांबचा, आणि पावसात रात्री दरड आली की सगळेच अडते. तेव्हा ‘रात्र काढून बघू’ म्हणण्यापेक्षा दुपारी चारलाच ताप मोजून ठरवावे, आणि गरज वाटली तर १०८ला उजेडी फोन करावा. सीटीवर गळू दिसले तर साधारण ३ सेंटिमीटरच्या आतले बहुधा औषधाने जिरते. त्याहून मोठ्याचा पू सोनोग्राफी किंवा सीटीखाली नळी घालून काढावा लागतो. ही सोय सगळीकडे नसते, म्हणून कुठे न्यायचे ते त्याच वेळी विचारून घ्यावे.

आता दुखणे ओसरल्यानंतरचे जेवण. इथेच सगळे बिघडते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनुसार २००० कॅलरींच्या आहारात सुमारे ३० ग्रॅम तंतू हवेत. कोकणातले नेहमीचे ताट मोजून पाहा. दिवसभरात २५० ग्रॅम पांढरा तांदूळ म्हणजे तंतू ७ ग्रॅम. ३० ग्रॅम तूरडाळीत पावणेतीन. फोडणीच्या भाजीत तीनेक. माशाच्या कालवणात जवळजवळ शून्य. बेरीज १३. पथ्य म्हणून भाजी आणि डाळही सुटली की ती सात-आठवर येते. मळ घट्ट होतो, जोर करावा लागतो, आतड्यातला दाब वाढतो, आणि जे टाळण्यासाठी पथ्य धरले तेच घडायला वाव मिळतो.

ते सुधारायला बाहेरून काही मागवावे लागत नाही. शंभर ग्रॅम तांदूळ कमी करून तेवढ्याच नाचणीच्या पिठाच्या दोन भाकऱ्या घेतल्या की बेरीज २१ होते. ३० ग्रॅम अख्ख्या मुगाची उसळ आणखी ५ घालते. अर्धा पेरू ४. झाले तीस. कुळीथ चांगलाच आहे, पण पिठी करताना माणशी जेमतेम २० ग्रॅम पीठ लागते, त्यात दीड ग्रॅमच तंतू येतात. पिठीवर भिस्त ठेवू नये. ही वाढ एकदम करायची नाही. आठवड्याला ५ ग्रॅम या गतीने चढावे : पहिल्या आठवड्यात एक भाकरी, दुसऱ्यात दोन, मग उसळ, मग फळ. एकदम केले की पोट फुगते, आणि माणूस घाबरून पुन्हा पेजेवर जातो. सोबत दोन-अडीच लिटर पाणी हवे. घाम पाझरणाऱ्या आपल्या हवेत थोडे जास्तच. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी आपापल्या मर्यादेत. इसबगोल घेणार असाल तर चहाच्या एका चमच्यापासून सुरुवात करावी, पेलाभर पाण्यात ढवळून फुगण्याआधी गटागट प्यावे, वर आणखी पेलाभर पाणी. कोरडे तोंडात टाकू नये, घशात अडकते. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. सूज असताना किंवा उलट्या होत असताना ते घेऊच नये.

बिया पिशवीत अडकून सूज येते, हा समज डॉक्टरांनीच पसरवला होता, हे कबूल करायला हवे. अमेरिकेत ४७ हजारांहून अधिक पुरुषांचा १८ वर्षे पाठपुरावा करून २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाणे आणि मक्याच्या लाह्या खाणाऱ्यांत धोका वाढलेला दिसला नाही, उलट किंचित कमीच दिसला. तेव्हा पेरू, वांगी, भेंडी, तीळ, करवंदे, काजू खुशाल खावेत. फणसाचे चार-पाच गरे जेवणानंतर चालतात. उकडलेल्या आठळ्यांनी वायू होईल, पण वायू म्हणजे सूज नव्हे. लाल मांस जास्त खाणाऱ्यांत हा आजार अधिक आढळतो आणि त्याची जागा मासे किंवा कोंबडी घेते तेव्हा कमी, या बाबतीत किनाऱ्यावरचे लोक नशीबवान आहेत. विडी-सिगारेट आणि पोटाचा घेर हे दोन्ही धोके कमी करता येण्याजोगे. मेसालामाइनच्या (आतड्याची सूज उतरवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या) गोळ्या महिनोन्महिने घेऊन सूज टळत नाही, हे मोठ्या चाचण्यांत दिसून आले आहे. तो खर्च वाचवावा.

दुर्बिणीची तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, सुजेच्या काळात करत नाहीत. हवा भरताना आतडे फुटू शकते. ती सहा ते आठ आठवड्यांनी करतात, आणि वर्षभरात झालेली नसेल तर टाळू नये, कारण सीटीवर सूज दिसलेल्या जागी क्वचित कर्करोग निघतो. शस्त्रक्रियेचा जुना नियम होता, दोनदा झाले की आतडे काढा. तो आता कोणी पाळत नाही. वारंवार होणाऱ्या दुखण्याने कामधंदा किती बुडतो, मूत्राशयाशी वाट पडली आहे का, आतडे अरुंद झाले आहे का, प्रतिकारशक्ती दबलेली आहे का, हे पाहून ठरवतात. करायचीच ठरली तर सर्जनला एवढे विचारावे : सिग्मॉइड पूर्ण काढून जोड गुदाशयाच्या वरच्या भागाशी देणार ना? थोडे सिग्मॉइड मागे राहिले तर दुखणे उलटण्याची शक्यता जास्त असते. नीट झालेल्या शस्त्रक्रियेनंतरही ते क्वचित उलटते, हेही आधीच ऐकून घ्यावे.

एक प्लास्टिकचे फोल्डर करून ठेवावे आणि ते कपाटात न ठेवता दारामागच्या पिशवीत ठेवावे. त्यात शेवटच्या सीटीचा अहवाल आणि सीडी (फिल्म दमट हवेत चिकटते), क्रिएटिनिनचा ताजा आकडा, चालू औषधांची यादी, ॲलर्जी, आणि एका कागदावर प्रत्येक वेळची नोंद : तारीख, कुठे दुखले, किती ताप, सीआरपी एककासह, आधीच्या आठवड्यात कोणती वेदनाशामक गोळी घेतली, अँटिबायोटिक कोणते आणि किती दिवस, किती दिवसांनी उतार पडला. रात्रपाळीच्या अनोळखी डॉक्टरला हा एक कागद मिळाला तर पुन्हा पहिल्यापासून तपासण्या कराव्या लागत नाहीत.

कळावे,
आपले,
पोटविकाराच्या रुग्णांसोबत काम करणारे काही डॉक्टर, परिचारिका व आहारतज्ज्ञ
रत्नागिरी–सिंधुदुर्ग